कृत्रिम पायाचा घोटा

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना रामाकोना हे गाव कोठे आहे हे ठाऊक नसावे. नागपुराहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याने सौंसर मागे टाकले, की कन्हान नदीच्या आसमंतात हे गाव लागते. पूर्वी या बाजूस लहान रुळांची गाडी धावत असे. तिच्या जागी आता रुंद रूळ आले आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, आणि २०२३ साली पांढुर्णा व सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून काढून पांढुर्णा हा निराळा जिल्हा करण्यात आला. घरातील बोली, पोळ्याचा सण आणि भजनाचे अभंग मात्र मराठीच राहिले. पांढुर्ण्याचे नाव बाहेर ऐकू येते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे. पण तो आमचा आजचा विषय नव्हे. हा प्रदेश संत्र्यांच्या बागांचा आहे, आणि आम्ही तेथे गेलो होतो तो एका स्नेह्याच्या घरचे कार्य होते म्हणून.

कार्याच्या आदल्या सायंकाळी मारुतीच्या देवळात भजनास बसलो असता शेजारी एक वृद्ध बागाईतदार मांडी घालून बसले होते. आरतीस सगळे उभे राहिले तेव्हा धोतराखालून त्यांचे उजवे पाऊल दिसले, आणि ते रबराचे आहे हे आमच्या ध्यानी आले. पुढे ओळख वाढल्यावर त्यांनी सर्व हकीकत सांगितली. तरुणपणी अपघातात पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नंतर एका मोठ्या शहरात त्यांना लाकडी पाऊल बसवून मिळाले, पण ते बुटातच घालावयाचे होते. बूट काढला की तोल मागे जाई आणि खाली बसता येत नसे. “बूट घालून देवाजवळ कसं जाऊ जी?” असे ते म्हणाले. तो पाय त्यांनी माळ्यावर टाकला, कुबड्या घेतल्या, आणि कित्येक वर्षे देवळाच्या बाहेरच्या पायरीवर बसून आरती ऐकली. आमंत्रण आले तरी पंगतीस जाणे त्यांनी सोडले होते. सर्वांनी पाटावर बसावे आणि आपण एकट्याने खुर्ची मागावी हे त्यांच्या मनास रुचेना. पुढे एका शिबिरात दुसरा पाय मिळाला. त्या दिवसापासून ते सभामंडपात येऊ लागले.

एका पायाने मनुष्य पायरीवर थांबतो आणि दुसऱ्याने आत येतो, हा फरक कोठे असावा? आम्ही घरी परतल्यावर या प्रश्नाचा मागोवा घेतला, आणि त्याचे उत्तर घोट्यात आहे असे आढळले. गुडघ्याचे काम डोळ्यांस दिसते. पोटरीपाशी पाय बसवावयाची खोळ नीट न बसली तर ती जखम करते, म्हणून तिच्याकडेही सर्वांचे लक्ष जाते. घोट्याकडे मात्र कोणी पाहत नाही.

आपल्या देहातील घोटा ही साधी बिजागरी नाही. नडगीच्या दोन हाडांची खोबण आणि तीत बसलेले घोट्याचे हाड मिळून पाऊल वर-खाली होते. मोकळे पाऊल साधारण २० अंश वर उचलता येते आणि सुमारे ५० अंश खाली झुकते. पण या सांध्याच्या खाली आणखी एक तिरपा सांधा आहे. त्याच्यामुळे पाऊल आत-बाहेर कलते, आणि नांगरटीच्या ढेकळांवर किंवा देवळाच्या झिजलेल्या पायरीवर तळवा टेकतो. वाचकांनी क्षणभर टाचा न उचलता उकिडवे बसून पाहावे. नडगी किती पुढे झुकते, आणि ती झुकली नाही तर मनुष्य कसा पाठीवर पडेल, हे तत्काळ कळून येईल. मांडी घालून बसण्यास आणखी निराळी हालचाल लागते. तेव्हा पाऊल आतल्या बाजूस वळते आणि त्याची बाहेरची कड भुईस टेकते. परमेश्वराने हे सर्व मुठीएवढ्या जागेत बसविले आहे. माणसाने ते लाकडात आणि लोखंडात बसवू पाहिले, त्याचा इतिहास थोडा दीर्घ आहे.

आपल्याकडे या विषयाचा आरंभ ऋग्वेदापासून करण्याची प्रथा आहे. पहिल्या मंडलातील एकशे सोळाव्या सूक्तात कक्षीवान ऋषी अश्विनीकुमारांची स्तुती करताना विश्पलेची कथा सांगतात. खेल राजाच्या संग्रामात पक्ष्याचे पंख तुटावे तसा तिचा पाय तुटला, आणि देववैद्यांनी रातोरात तिला धातूची जंघा बसविली, जेणेकरून ती पुन्हा धावू शकेल. सायणाचार्य तिला खेलाच्या परिवारातील स्त्री मानतात. काही पाश्चात्त्य पंडितांनी ती शर्यतीची घोडी असावी असा तर्क केला आहे. मूळ शब्द ‘आयसी’ आहे, त्याचा अर्थ लोखंडाचीच असा घेण्यास आधार नाही. एवढ्यावरून वेदकाळी पाय करण्याचे कारखाने होते असे म्हणणारे लोक आम्हांस भेटतात. त्यांच्याशी आम्ही सहमत नाही. तथापि एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या ऋषीला पाय हवा होता तो दिसावा म्हणून नव्हे, तर हालावा म्हणून.

इतरत्र जे जुने पाय प्रत्यक्ष सापडले, त्यांत हालण्याची सोय नसे. इटलीत कापुआ येथे ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमाराचा लाकडावर कांस्याचा पत्रा मढविलेला एक पाय मिळाला होता. तो लंडनच्या संग्रहालयात असता १९४१ च्या बाँबवर्षावात नष्ट झाला. सोळाव्या शतकातील फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्रॉझ पारे याने कुलुपे घडविणाऱ्या कारागिराकडून लोखंडी पाय करवून घेतले. त्यांच्या गुडघ्यास खटका होता, पण चालणाऱ्याच्या घोट्याचा प्रश्न अद्याप सुटावयाचा होता.

तो पहिल्यांदा मनावर घेतला लंडनच्या जेम्स पॉट्स नावाच्या कारागिराने. १८०० च्या सुमारास त्याने जो लाकडी पाय केला, त्यात पोलादी गुडघा होता, घोट्यास सांधा होता, आणि या दोहोंना जोडणाऱ्या आतड्याच्या ताती आतून ओढलेल्या होत्या. गुडघा वाकला की तात ताणली जाऊन चवडा आपोआप वर उचले, म्हणजे पाय पुढे टाकताना बोटे जमिनीस अडखळत नसत. आम्हांस ही कल्पना फार सुंदर वाटते. कळसूत्री बाहुल्यांच्या सूत्रधाराने पायातच बसून दोरी ओढावी तशी. १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर पाय गमावलेल्या अँगलसीच्या मार्क्विसने हाच पाय वापरला, म्हणून त्यास ‘अँगलसी पाय’ असे नाव पडले. घडविणाऱ्याचे नाव मागे पडून वापरणाऱ्या सरदाराचे नाव राहिले, हा अनुभव या कथेत पुढेही येणार आहे. त्या पायाचा घोटा पूर्ण आघाती थडकून खट्‌ आवाज करी, म्हणून लोक त्यास थट्टेने खटखट्या पाय म्हणत.

तेथून ही विद्या अमेरिकेत गेली. १८४६ साली बेंजामिन पामर याने आपल्या पायाचे पेटंट घेतले. १८५८ साली डॉ. डग्लस ब्लाय याने घोट्यात हस्तिदंताचा गोळा बसविला आणि तो रबराच्या वाटीत फिरता ठेवला. बिजागरी फक्त पुढे-मागे हलते. गोळा चारी बाजूंस कलतो. आपण वर ज्या दुसऱ्या सांध्याचे वर्णन केले, त्याची नक्कल करण्याचा हा पहिला गंभीर यत्न म्हणावयास हरकत नाही. पण गोळा, वाटी आणि ताणाच्या दोऱ्या यांची निगा ठेवणे सामान्य माणसाच्या आवाक्यातील नव्हते.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि हजारो तरुण एकदम लंगडे झाले. त्यांपैकी अगदी पहिल्यांत जेम्स हँगर नावाचा अठरा वर्षांचा मुलगा होता. त्याने पिंपाच्या फळ्या तासून स्वतःसाठी पाय केला, आणि पुढे घोट्यातील ताती काढून त्यांच्या जागी रबराच्या गाद्या घातल्या. या रचनेचे तत्त्व असे, की घोट्यात एक आडवा खिळा असतो, त्याच्या मागे मऊ गादी आणि पुढे कठीण गादी. टाच टेकताच मागची गादी दबते व तळवा भुईस लागतो. शरीर पुढे जाऊ लागले की पुढची गादी नडगीस रोखून धरते. सुमारे शंभर वर्षे जगभर बहुतेक पायांचा घोटा या पद्धतीचा होता. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या मार्क्स याने अगदी उलट मत मांडले: घोट्यास सांधाच नको, सबंध पाऊल रबराचे करावे, म्हणजे तेच दबेल व तेच उसळेल. चार्ल्स गुडइयर याने गंधकासह रबर तापवून पक्के करण्याचे पेटंट १८४४ साली घेतले होते, म्हणूनच हे शक्य झाले. सांधा करावा, की सांध्याचे काम द्रव्यावर सोपवावे, हा वाद त्या वेळी सुरू झाला आणि तो अद्याप चालू आहे.

पहिल्या महायुद्धात एकट्या ब्रिटनच्या सुमारे ४१,००० सैनिकांनी हात वा पाय गमावले. आपले शिपाईही त्या युद्धात लढत होते. अपंग हिंदी सैनिकांना हुन्नर शिकविण्यासाठी १९१७ साली मुंबईत राणी मेरीच्या नावाची शाळा निघाली. ती पुढे खडकीस गेली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यास लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र उघडले, आणि महाराष्ट्रात या विद्येचे माहेर झाले. पुढे मुंबईत हाजी अलीजवळ अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. या संस्थांनी किती माणसे पुन्हा उभी केली याची गणती करणे कठीण. परंतु विद्या पाश्चात्त्य होती, आणि तिच्या बरोबर पाश्चात्त्यांचा बूटही आला.

त्या विद्येचे शिखर म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात १९५० नंतरच्या दशकात तयार झालेले ‘सॅच’ पाऊल. तेथील प्राध्यापक हॉवर्ड एबरहार्ट यांनी स्वतःच अपघातात एक पाय गमावला होता. त्यांनी व डॉ. व्हर्न इन्मन यांनी माणूस चालतो कसा याचे जे संशोधन केले, त्यात काही स्वयंसेवकांनी आपल्या हाडांत पोलादी सळ्या बसवून घेतल्या. प्रत्येक हाड किती फिरते ते त्यांवरून मोजले गेले. अशा तपश्चर्येतून निघालेले पाऊल मात्र अत्यंत साधे निघाले. आत लाकडाचा ताठ कणा, टाचेत मऊ रबराची पाचर, सांधा मुळीच नाही. टाच टेकली की पाचर दबते आणि घोटा वळल्याचा भास होतो. खिळा झिजत नाही, तेल लागत नाही, किंमत कमी. सपाट रस्त्यावर, बुटात, खुर्चीवर बसणाऱ्या माणसास याहून चांगले पाऊल त्या काळी नव्हते.

आता रामाकोन्याच्या बागाईतदारांची अडचण वाचकांस कळेल. हे पाऊल बुटाच्या टाचेची उंची धरून बसविलेले असते. बूट काढला की टाच खाली जाते आणि नडगी मागे रेलते. आतला कणा ताठ असल्यामुळे उकिडवे बसता येत नाही. मांडी घातली तर ताठ पाऊल भुईवर टेकून सगळा पीळ पोटरीच्या बुंध्यात जातो आणि तो दुखतो. बागेत झाडाभोवती आळी असतात. त्यांच्या कडांवर पाऊल कलत नाही. चिखल लागला तर धुता येत नाही. यांतील एकही दोष बर्कलीच्या विद्वानांचा नव्हे. ज्याचे आयुष्य खुर्ची, मेज आणि बूट यांत जाते, त्याचा पाय त्यांनी केला आणि उत्तम केला. आपल्याकडे मात्र पाय धुतल्यावाचून देवळात जात नाहीत. मंगेशीच्या वा म्हार्दोळच्या प्रांगणात पालखीमागून अनवाणी चालण्यात किती माणसे आयुष्य धन्य मानतात! अशा समाजास बुटातले पाऊल देणे म्हणजे त्यास रस्ता देऊन घर काढून घेणे होय.

हे प्रथम ज्यांनी ओळखले, ते जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील डॉ. प्रमोद करण सेठी आणि त्याच रुग्णालयात रुग्णांना हस्तव्यवसाय शिकविणारे रामचंद्र शर्मा. शर्मांना सर्वजण मास्टरजी म्हणत. त्यांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. पण लाकूड, धातू, हस्तिदंत अशा कोणत्याही द्रव्यावर त्यांचा हात चालत असे. परदेशी पद्धतीचे पाय घेऊन गेलेले शेतकरी काही महिन्यांनी कुबड्यांवर परत येताना दिसत, ही गोष्ट दोघांच्या मनास लागली. १९६८ च्या सुमारास त्यांच्या प्रयत्नांस फळ आले. असे सांगतात की मास्टरजींची सायकल पंक्चर झाली असता दुकानात जुन्या टायरवर नवे रबर चढविताना त्यांनी पाहिले, आणि पाऊल याच रीतीने करावे ही कल्पना त्यांस सुचली. आरंभी सबंध रबराचे पाऊल केले, ते फार जड व ताठ झाले. मग त्याचे तीन भाग करण्यात आले.

ही रचना पाहण्यासारखी आहे. घोट्याच्या जागी लाकडाचा ठोकळा असतो आणि त्यातून वरच्या नडगीस जोडणारा खिळा निघतो. टाचेत व चवड्यात सच्छिद्र रबराचे दोन निरनिराळे तुकडे असतात. पायाच्या टोकापर्यंत जाणारा ताठ कणा मात्र नसतो. या तिघांवर टायरमधील दोऱ्यांचे रबर गुंडाळतात, बाहेरून कातडीच्या रंगाचे रबर लावतात, आणि सर्व पायाच्या आकाराच्या धातूच्या साच्यात घालून तापवितात. बाहेर येते ते बोटांसह, अनवाणी चालण्यास योग्य असे सपाट पाऊल. त्यात सांधा म्हणून कोणता भाग नाही. टाचेचा मऊ ठोकळा सर्व बाजूंनी दबतो, म्हणून पाऊल आत-बाहेर कलते व थोडे वळतेही. चवडा मऊ असल्याने नडगी पुढे झुकते आणि उकिडवे बसता येते. ब्लायने हस्तिदंताच्या गोळ्यातून जे साधू पाहिले, ते येथे रबराच्या तुकड्याने साधले. १९७८ साली डॉ. सेठी, डॉ. उदावत, डॉ. कासलीवाल आणि रामचंद्र शर्मा या चौघांच्या नावे या पावलाचे वर्णन एका आंतरराष्ट्रीय शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९७५ साली श्री. डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली होती; तिच्या शिबिरांमुळे ते गावोगाव पोहोचले.

१९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. मास्टरजींचे नाव मात्र त्या मानाने थोड्यांनाच माहीत आहे. पॉट्सचे जे झाले तेच येथे झाले, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते. पदवीधर वैद्य आणि हातकाम करणारा कारागीर यांनी मिळून केलेल्या कामाचे श्रेय वाटताना आपला समाज अजून तराजू नीट धरत नाही. मुंबईच्या सुधा चंद्रन यांनी पाय गमावल्यावर हे पाऊल लावून १९८४ साली पुन्हा भरतनाट्यम् केले. तेव्हा हे नाव घरोघर गेले. परंतु नर्तकीच्या यशाहूनही आम्हांस शेतकऱ्याचे मांडी घालून बसणे मोठे वाटते, कारण त्यासाठी कोणी टाळ्या वाजवीत नाही.

या पावलाचे दोष सांगितले नाहीत तर आमचा लेख एकांगी होईल. ते सॅच पावलाहून जड असते. हाताने बनविलेले असल्यामुळे एका कारखान्याचे चांगले तर दुसऱ्याचे लवकर चिरणारे निघते. दबलेले रबर जेवढे द्यावे तेवढे परत देत नाही, म्हणून भराभर चालणाऱ्यास ते आळशी वाटते. पुढे भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या साहाय्याने हलक्या द्रव्याचे पाऊलही करण्यात आले. पाश्चात्त्य देशांत तर घोट्याची विद्या फार पुढे गेली आहे. तेथे कार्बनच्या पट्टीची धनुष्यासारखी पाऊले निघाली, तेल भरलेले घोटे निघाले. अमेरिकेतील ह्यू हर यांनी घोट्यात विद्युत्‌यंत्र व गणकयंत्र बसवून पाऊल स्वतःहून ढकलेल असे केले. त्यांचे स्वतःचे दोन्ही पाय १९८२ मध्ये हिमदंशाने गेलेले आहेत. विजेची पेटी रोज भरावी लागते आणि किंमत ऐकून सामान्य माणूस गप्प बसतो. पण ज्ञानाची ही दिशा आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. तीत उकिडवे बसणाऱ्याचा विचार केव्हा शिरतो, एवढेच पाहावयाचे.

रामाकोन्याहून निघताना आम्ही त्या बागाईतदारांच्या बागेत गेलो. त्यांनी बसल्या जागी पाय काढून दाखविला. नडगीची नळी जाड प्लॅस्टिकची होती. संत्र्यांना पाणी देण्यासाठी ज्या जातीच्या नळ्या शेतकरी टाकतात, तशाच नळीपासून ती केलेली असते, हे त्यांनीच आम्हांस हसत सांगितले. हे त्यांचे तिसरे पाऊल होते. पहिल्या पावलाचा अंगठा तीन वर्षांनी चिरला, दुसरे पाच वर्षे चालले. ती दोन्ही त्यांनी टाकली नाहीत. बागेतील झोपडीच्या वाशाला टांगून ठेवली आहेत. लाकडी पाय कोठे आहे असे विचारता ते म्हणाले, “माळ्यावर असंल जी, बुटासकट.” मग पाय बसवून ते उठले, हौदावर जाऊन दोन्ही पावले धुतली आणि आम्हांस जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीच्या दर्शनास घेऊन गेले.